जुन्या ५.७ लिटर इनबोर्ड इंजिनाची पुनर्बांधणी : प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

इंजिन बोटीतून उचलून स्टँडवर बसवलं. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकवर बांधलेलं ५.७ लिटरचं व्ही-८, १९८५ सालचं, कार्ब्युरेटरवालं, थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं. ३५० घनइंचाचा हा ब्लॉक १९६७ मध्ये गाड्यांसाठी आला आणि पुढे असंख्य बोट-इंजिनांचा पाया झाला. त्यामुळे भाग हवे तेवढे मिळतात. कॅमशाफ्ट, हेड, पिस्टन, इनटेक, प्रत्येकाचे दहा प्रकार. यादी चाळताना हात सैल सुटतो, म्हणून आजच ठरवलं : इंजिन खोलून ते कशाने थकलंय हे कळेपर्यंत एकही भाग मागवायचा नाही.

उतरवण्याआधी कॉम्प्रेशन मोजून ठेवलं होतं. सहा सिलिंडर ९.५ ते १० बार. सात नंबर ५.५, आठ नंबर ६. दोन्ही मागच्या टोकाचे.

५ ऑक्टोबर

आधी फिरण्याची दिशा तपासली. दोन इंजिनांच्या बोटीत बरेचदा एक इंजिन उलट फिरणारं असतं आणि अशी इंजिनं पुढे सुटी होऊन एकेकटी विकली जातात. फ्लायव्हीलकडून पाहिल्यावर आपलं घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरतं, म्हणजे गाडीच्या इंजिनासारखं सरळ. इग्निशनचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. उलट फिरणारं निघालं असतं तर कॅमशाफ्ट, स्टार्टर, क्रँकचं मागचं सील, सगळं वेगळं लागलं असतं आणि क्रमही १-२-७-५-६-३-४-८ झाला असता. मागचं सील आतल्या तिरप्या रेघांनी तेल परत आत ढकलतं. उलट दिशेच्या इंजिनात सरळ दिशेचं सील बसवलं तर तेच सील तेल बाहेर उपसतं. पाच मिनिटांची ही तपासणी कुठल्याही खरेदीच्या आधी व्हायला हवी.

११ ऑक्टोबर

हेड उतरवले. सात आणि आठच्या एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटवर गंजाचे खड्डे, व्हॉल्वच्या दांड्यांवर तांबूस पापुद्रा. आठच्या बोअरमध्ये रिंग थांबते त्या जागी गंजाची रेघ नखाला लागते. पुढचे सिलिंडर मात्र कोरडे आणि काळे, जसे असायला हवेत.

मग एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर एकत्र करणारे ओतीव भाग) आणि त्यांच्यावरचे रायझर (तो धूर वर चढवून बाहेर नेणारे) सोडवले. उत्तर तिथे होतं. इनबोर्ड इंजिन शाफ्टच्या उतारावर मागे झुकलेलं बसतं आणि रायझर मागच्या टोकाला असतो. रायझर-मॅनिफोल्डच्या जोडात गॅस्केटच्या एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला समुद्राचं पाणी, मध्ये ओतीव लोखंडाची जेमतेम बोटभर पट्टी. ती पट्टी गंजून खचली होती. इंजिन बंद झालं की पाणी तिथून झिरपून सर्वांत जवळच्या सिलिंडरांत, म्हणजे सात-आठमध्ये उतरत होतं.

हे इंजिन पाण्याने थकलंय, कमी ताकदीने नाही. पुढचा प्रत्येक निर्णय या निदानावरून.

१२ ऑक्टोबर

पूर्ण खोललं. बेअरिंगवर सारख्या रेघा, तांबं कुठे उघडं पडलेलं नाही. क्रँक ठीक, फक्त पॉलिश लागेल. कॅमशाफ्टचे दोन लोब (व्हॉल्व उचलणारे उंचवटे) झिजलेले. ऑइल पॅनला तळाशी बाहेरून गंज, तेल टिकून होतं ते केवळ रंगाच्या थरामुळे. बोटीच्या तळातलं पाणी सतत त्याला भिडत असतं.

पाण्याच्या वाटांमध्ये गंजाचे पापुद्रे आणि क्षारांची खपली. मागच्या सिलिंडरांभोवती तर ब्लॉकमधलं पाणी काढून टाकायचा नळ उघडला तरी थेंब येईना, इतकं भरलेलं.

१९ ऑक्टोबर

ब्लॉक आणि क्रँक मशीनिंगला दिले. पहिली मागणी : आधी उकळत्या टाकीत स्वच्छ धुणं, मग अल्ट्रासॉनिकने भिंतींची जाडी, आणि ती चांगली निघाली तरच बोअरिंग. खाऱ्या पाण्यावर चाललेल्या ब्लॉकला पाण्याकडूनच गंज खातो आणि तो बोअरमधून दिसत नाही. पिस्टनचा जोर पडतो त्या बाजूला ४ मिमीपेक्षा पातळ भिंत मी चालवून घेणार नाही. तसं निघालं तर दुसरा ब्लॉक शोधायचा, यात घासाघीस नाही.

२ नोव्हेंबर

मापं आली. सर्वांत पातळ जागा ४.६ मिमी, हे बोअरिंगनंतर उरणारं माप धरून. ब्लॉक वाचला. मूळ बोअर १०१.६ मिमी, आता ०.७६ मिमी वाढवून १०२.४ च्या आसपास. होनिंग (बोअरची शेवटची घासाई) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड पट्टी, लावूनच करायला सांगितलंय, कारण हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा गोलवा किंचित बदलतो.

४ नोव्हेंबर

सगळ्यात मोठा मोह आज निकाली काढला : ३८३ चा स्ट्रोकर. बोअर तर वाढवतोच आहोत, मग ३.४८ इंचाच्या जागी ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक घातला की ३५५ ऐवजी ३८३ घनइंच मिळतात. कागदावर लोभ सुटावा असंच आहे.

पण बोट गाडीसारखी वागत नाही. पाण्यावर तरंगत धावणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने ताकदीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ताकद २० टक्के वाढवली तर वेग साडेनऊ टक्के. ताशी ५० किलोमीटरची बोट ५५ ला जाईल. त्या पाचांसाठी नवा क्रँक, नवे रॉड, बॅलन्सिंग, ब्लॉकच्या तळाशी रॉडसाठी घासून जागा करणं, जास्त इंधन, आणि जास्त टॉर्क सोसणारा गिअरबॉक्स. आपला गिअरबॉक्स इंजिनाच्याच वयाचा आहे. शाफ्ट, कपलिंग, पंखा (प्रोपेलर) सगळे जुन्या टॉर्कच्या हिशेबाने निवडलेले.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गाडी रस्त्यावर तिच्या ताकदीचा पाचवा हिस्साही क्वचित वापरते. बोट मात्र तासन् तास चढावर असल्यासारखी चालते, थ्रॉटल अर्ध्याच्या वर, आणि मध्ये उतार कधीच येत नाही. वाढलेली प्रत्येक अश्वशक्ती सोबत तेवढीच उष्णता घेऊन येते आणि ती पाण्यात टाकणारी यंत्रणाच आपल्याकडे आजारी आहे. ३८३ रद्द. ते पैसे कूलिंगला.

९ नोव्हेंबर

कूलिंग. या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

सध्याची पद्धत थेट : समुद्राचं पाणी पंपाने आत, ब्लॉकभर फिरून एक्झॉस्टमधून बाहेर. यात थर्मोस्टॅट ६० ते ६२ अंशांचाच ठेवावा लागतो, कारण त्याहून गरम केलं तर खाऱ्या पाण्यातले क्षार भिंतींवर बसू लागतात. म्हणजे इंजिन आयुष्यभर थोडं गारच चालतं. गार इंजिनात तेलातला ओलावा आणि पेट्रोलचा अंश नीट उडून जात नाही आणि तेलात चिकट गाळ होतो. व्हॉल्व कव्हरखाली तो सापडलाच.

बंद पद्धतीत ब्लॉकमध्ये कूलंट फिरतो. समुद्राचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरच्या तांबं-निकेलच्या नळ्यांतून जातं आणि उष्णता घेऊन एक्झॉस्टकडे निघून जातं. थर्मोस्टॅट ७१ अंशांचा लावता येतो. यातही दोन प्रकार आहेत. अर्ध्या पद्धतीत फक्त ब्लॉक आणि हेड कूलंटवर, मॅनिफोल्ड समुद्राच्या पाण्यावरच. पूर्ण पद्धतीत मॅनिफोल्डही कूलंटवर, खारं पाणी फक्त रायझरमध्ये. पूर्ण पद्धतीला एक्स्चेंजर मोठा लागतो, नळ्या जास्त लागतात. आपलं इंजिन मॅनिफोल्डकडूनच खाल्लं गेलंय, त्यामुळे पूर्ण पद्धत घेतो. झिजणारा भाग मग रायझर एवढाच उरेल आणि तो काही वर्षांनी बदलायचाच आहे असं धरून चालायचं.

एक अट अशी की जुन्या ब्लॉकवर बंद पद्धत बसवायची तर ब्लॉक आतून खरोखर स्वच्छ हवा. नाहीतर सुटलेले पापुद्रे जाऊन एक्स्चेंजर तुंबतो. टाकीतून ब्लॉक आल्यावर पाण्याच्या प्रत्येक वाटेत तार आणि दिवा घालून पाहिलं. मागच्या कोपऱ्यात अजून खपली होती, परत टाकीत पाठवला.

सोबतचे भाग : एक्स्चेंजरमध्ये झिंकची कांडी (बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणारी), ब्लॉकची ओतकामातली भोकं बुजवणारे पितळेचे कोअर प्लग (गाडीचे लोखंडी प्लग इथे आतून गंजून फुटतात), सर्क्युलेशन पंप बोटीच्या बनावटीचा, ज्याची मागची पट्टी स्टेनलेसची आणि सील खाऱ्या पाण्याला टिकणारं असतं. आत कूलंट असला तरी तोच घेतोय.

१६ नोव्हेंबर

हेड. मूळ हेडच्या सीट खड्ड्यांनी गेलेल्या आणि सातच्या चेंबरमध्ये चीर. त्यामुळे हेड बदलणं हौसेचं राहिलं नाही. १९९६ नंतरचे व्होर्टेक बनावटीचे ओतीव लोखंडी हेड घेतोय. चेंबरचा आकार चांगला, मिश्रण नीट ढवळतं, कमी अ‍ॅडव्हान्सवर, म्हणजे ठिणगी फार आधी न पाडताही, पूर्ण जळतं. बोटीला हवं तेच, म्हणजे मधल्या आरपीएमवर टॉर्क.

या हेडसोबत इतर बदल मागोमाग येतात आणि ते आधी मोजून ठेवलेले बरे. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा, कारण दर बाजूला सहाऐवजी चारच बोल्ट. रॉकर स्वतःच्या खाचेने व्हॉल्ववर नेमके राहणारे. व्हॉल्व कव्हर मध्यभागी बोल्टचं. मूळ स्प्रिंग आणि रिटेनर फार उंच लिफ्टचा कॅम सोसत नाहीत, सुमारे ११.५ मिमीच्या आत राहायचं. आपल्याला तेवढा कॅम नकोच आहे.

कॉम्प्रेशन रेशो कागदावर काढला. जुना चेंबर ७६ सीसी, सपाट पिस्टन : ८.६. नवा चेंबर ६४ सीसी, सपाट पिस्टन, ब्लॉकचा माथा थोडा घासून : १०.०. सतत जोरात चालणाऱ्या लोखंडी हेडच्या इंजिनाला, कुठल्याही धक्क्यावर मिळेल त्या पेट्रोलवर, दहा म्हणजे डिटोनेशनला (मिश्रण स्फोटासारखं पेटण्याला) आमंत्रण. आणि पाण्यावर इंजिनाच्या एवढ्या आवाजात ती टकटक ऐकू येत नाही, पिस्टनला भोक पडल्यावरच कळतं. म्हणून १२ सीसी खोलगट पिस्टन : ९.४. खोलगा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा, म्हणजे चेंबरच्या सपाट भागासमोर पिस्टनही सपाट राहतो आणि मिश्रण दाबून मध्ये ढकलतो. गोल खोलग्यात हा फायदा जातो.

व्हॉल्व : एक्झॉस्टला कठीण सीट आणि उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे व्हॉल्व. एक्झॉस्टच्या सीटची रुंदी २ मिमी सांगितली, इनटेकची दीड. रुंद सीटवरून व्हॉल्वची उष्णता हेडमध्ये जास्त उतरते. शर्यतीचं इंजिन बांधणारे याच्या उलट करतील.

२३ नोव्हेंबर

कॅम. इथे बोटीचा स्वतःचा नियम लागतो आणि तो मोडला तर बाकीचं सगळं काम पाण्यात जातं, अगदी शब्दशः.

इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व एकाच वेळी थोडे उघडे असतात तो ओव्हरलॅप. ओव्हरलॅप जास्त असला की मंद चालीवर एक्झॉस्टमधला प्रवाह क्षणभर उलटा फिरतो. गाडीत त्याने फक्त धडधड होते. बोटीत रायझरपाशी धुरात पाणी मिसळतं आणि तो उलटा झोत पाण्याचे तुषार व्हॉल्वपर्यंत ओढून आणतो. धक्क्याला मंद चालत उभी असलेली बोट अशी हळूहळू आतून गंजते. म्हणून लोबमधला कोन ११२ अंशांच्या खाली नको, लिफ्ट ११ मिमी, कालावधी आखूड. आवाजात गुरगुर येणार नाही, आणि नकोच आहे.

लिफ्टर म्हणजे कॅमवर बसून त्याची हालचाल व्हॉल्वकडे नेणारे भाग. ते रोलरचे घ्यावेत का, यावर बराच विचार केला. १९८५ च्या ब्लॉकमध्ये त्यांच्यासाठी सोय नाही. जोडपट्टीचे लिफ्टर, कॅम पुढे सरकू नये म्हणून बटण, त्यासाठी मजबूत टायमिंग कव्हर, डिस्ट्रिब्युटरला त्या कॅमशी जुळणारा गिअर, एवढं सगळं लागतं. फायदा खरा आहे, कारण सपाट लिफ्टरला झिंकयुक्त तेल हवं आणि पहिला अर्धा तास सांभाळावा लागतो. पण तो अर्धा तास स्टँडवर सांभाळता येतो. सपाट लिफ्टर, हलक्या स्प्रिंग. लिफ्टर अर्थात नवेच, जुने नव्या कॅमवर कधीही नाहीत.

३० नोव्हेंबर

इंधन आणि वीज. इथे सुधारणेचा अर्थ सुरक्षितता.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गाडीत ती खाली रस्त्यावर जाते, बोटीत तळाशी साचून राहते. बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर आतली ठिणगी बाहेर जाऊ देत नाहीत. एसएई जे११७१ आणि आयएसओ ८८४६ ही मानकं याचसाठी आहेत. गाडीचा अल्टरनेटर दिसायला तसाच, बोल्टही त्याच जागी, म्हणून तो लोक बसवतात. माझ्या इंजिनावर तो येणार नाही.

पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुने संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर, बोटीचाच, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स नसलेला. एकूण अ‍ॅडव्हान्स ३० अंशांवर सुरू करायचं, या हेडला त्याहून फार लागत नाही.

कार्ब्युरेटर की फ्यूल इंजेक्शन? इंजेक्शनने थंड इंजिन सुरू होणं सुधारतं, इंधन थोडं वाचतं. पण जास्त दाबाचा पंप, परतीची नळी, सेन्सर, आणि किनाऱ्यापासून दूर बिघडलं तर हातातल्या पान्यांनी काही होत नाही. कार्ब्युरेटर ठेवतोय, बोटीचाच. त्याच्या वाफेच्या नळ्या आत वळलेल्या असतात, म्हणजे तुंबून उतू गेला तर पेट्रोल इंजिनात पडतं, बाहेर सांडत नाही. आकार किती? ३५५ घनइंच, ४६०० आरपीएम, ८५ टक्के भरण धरली तर मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा. ६००चा कार्ब्युरेटर पुरून उरतो. ७५० ची मागणी या इंजिनाची नाही.

नवीन इनटेकवर, कार्ब्युरेटरखाली, पाचर लागणार. इंजिन मागे झुकलेलं आणि फ्लोट मात्र समपातळीत हवा. गाडीच्या इनटेकला एवढा उतार नसतो.

इंधनाचा पंप दुहेरी पडद्याचा, इंधनाची नळी आग सोसणारी, आयएसओ ७८४० ची. फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरमधून उलटी ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) धुऊन परत.

१८ जानेवारी

जोडणी. रिंगच्या टोकांतली फट वरच्या रिंगला ०.५ मिमी, गाडीपेक्षा जास्त, कारण भाराखाली रिंग जास्त तापते आणि टोकं भिडली तर पिस्टनचा काठ उपटला जातो. मेन बेअरिंगची मोकळीक ०.०५ ते ०.०६ मिमी. तेलाचा पंप साधाच. जास्त क्षमतेचा पंप घ्यायची सवय पसरलीय, पण मोकळीक बरोबर असेल तर तो फक्त डिस्ट्रिब्युटरच्या गिअरवर भार टाकतो.

हेड गॅस्केट बोटीचं, स्टेनलेसच्या कड्याचं. या ब्लॉकमध्ये हेड-बोल्टची भोकं पाण्यापर्यंत जातात, म्हणून प्रत्येक आट्यावर सीलंट. तीन टप्प्यांत ८८ न्यूटन-मीटर.

२५ जानेवारी

नवे मॅनिफोल्ड आणि रायझर बसले. रायझरची उंची पाण्याच्या पातळीपासून मोजली, ३६ सेंटिमीटर येतेय. मॅनिफोल्डच्या दोन्ही तोंडांवर सरळपट्टी आणि फिलर गेज लावून सपाटी पाहिली. नवा भाग म्हणून गृहीत धरलं नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली, धक्के शोषणारी डँपर प्लेटही बदलली. स्प्रिंग सैल झाल्या होत्या. इंजिन बाहेर असतानाच ती हाताशी येते.

८ फेब्रुवारी

स्टँडवर पहिली सुरुवात. ड्रिलने तेलाचा पंप आधी फिरवला, सगळ्या रॉकरमधून तेल येईपर्यंत. खाऱ्या पाण्याच्या पंपाला मोठ्या टाकीतून पाणी, नळाला जोडलेला पाइप नव्हे, कारण २००० आरपीएमला पंप नळापेक्षा जास्त ओढतो आणि पाइप चपटा होतो.

सुरू होताच थेट २००० वर, मग २००० ते २५०० मध्ये वर-खाली, २५ मिनिटं. मंद चालीवर कॅमला तेल कमी उडतं आणि नवे लोब-लिफ्टर एकमेकांवर बसायच्या आधीच ओरबाडले जातात. तेलाचा दाब ३.८ बार. कूलंट ७२ अंशांवर स्थिर. तेल काढून फिल्टर कापला : बारीक करडी पूड, चकाकणारा कण नाही. व्हॉल्वची हालचाल सोळाही ठिकाणी सारखी.

२२ फेब्रुवारी

इंजिन बोटीत. शाफ्टशी कपलिंग जुळवलं, चारही बाजूंनी फट ०.०८ मिमीच्या आत. बोट पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासलं, कारण जमिनीवर आणि पाण्यात बोटीचा आकार किंचित बदलतो. तेलाची डिपस्टिक नव्याने खुणा करून घेतली : मोजून तेल ओतलं, झुकलेल्या अवस्थेत जिथे आलं तिथे रेघ.

१ मार्च

पाण्यावर. ब्लोअर (तळातली वाफ बाहेर फेकणारा) चार मिनिटं, तळाशी नाक लावून वास, मग सुरू. पूर्ण थ्रॉटलवर ४७५० आरपीएम. या इंजिनाची हद्द ४२०० ते ४६००, म्हणजे जुना पंखा आता हलका पडतो. थ्रॉटल लगेच खाली घेतलं. पंख्याची पिच (पात्यांचा पीळ) एक इंच वाढवायला दिली, एका इंचाला साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतात.

इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही रायझर : ४४ आणि ४६ अंश. दोन बाजूंत मोठा फरक दिसला असता तर एका बाजूची पाण्याची वाट अडली आहे असं समजायचं.

९ मार्च

पंखा परत बसवला. अर्धी टाकी, दोन माणसं : ४५८०. भरलेली टाकी, पूर्ण सामान : ४४५०. नेहमीच्या ३२०० च्या चालीवर कूलंट ७३ अंश, तेलाचा दाब ३.४ बार, थ्रॉटल अजून बराच शिल्लक.

सात आणि आठचे प्लग काढून पाहिले. कोरडे, फिकट तपकिरी, बाकीच्या सहांसारखेच. झिंकची कांडी पुढच्या महिन्यात काढून बघायची आहे, किती झिजली त्यावरून बदलायचं वेळापत्रक ठरेल. तेव्हाच हेडवरच्या रॉकरची फेरतपासणी, रायझरचे बोल्ट पुन्हा आवळणं आणि पाण्यावर चालल्यानंतरचं पहिलं तेल बदलणं.